किती देते?

कंपनी खोपोलीला गेली आणि
टिळकनगरच्या दारापासून तिच्या गेटापर्यंत
चौसष्ट किलोमीटर उगवले.
जाऊन-येऊन एकशे अठ्ठावीस.
सव्वीसने गुणले, विसाने भागले,
डिझेलच्या भावाने पुन्हा गुणले
विजेच्या बिलाच्या पाठीवर.
बायकोने आकडा वाचला
आणि कुकरची शिट्टी उगाच सारखी केली.

मग चार रविवार.
कुर्ल्याला सीएसटी रोडवर, जिथे इंजिनं
साखळीला लटकतात खाटकाकडल्यासारखी,
यासीन मिस्त्रीने पहिला धडा दिला :
बोनेट उघडायच्या आधी वर हात ठेवायचा,
पोराच्या कपाळावर ठेवतो तसा.
गरम लागलं तर समज,
तू यायच्या आत तिला कुणीतरी
उठवून, तोंड धुऊन, बसवून ठेवलंय.
डिझेल थंड असतं तेव्हाच खरं बोलतं.

भांडुपची पांढरी अडुसष्ट हजारच फिरलेली, म्हणे.
क्लचच्या पेडलचं रबर मात्र
देवळाच्या पायरीइतकं गुळगुळीत.
ठाण्याच्या गाडीचं तेलाचं झाकण काढलं
तर आतून धूर, फुकफुक,
म्हाताऱ्याने चोरून ओढलेल्या विडीचा.
मालक म्हणाला, हवाच तशी आहे.
सानपाड्याची चकचकीत होती.
यासीनने सीटबेल्ट ओढला, ओढला, पार शेवटपर्यंत;
शेवटच्या वितीवर चिखलाची रेघ.
सोडला तसा तो सर्रकन आत गेला,
काही सांगितलंच नव्हतं जणू.

पाचवा रविवार, मरोळ गावठाण.
हिल्डा मिस्किटा अंगणात खुर्ची टाकून बसलेल्या,
दोन्ही गुडघे नवे.
अकरा वर्षं, आठवड्यातून दोनदा पालघर,
नर्सिंगच्या मुलींना सुई धरायला शिकवायला.
मीटरवर दोन लाख चौदा हजार तीनशे सहा.
मी यासीनकडे पाहिलं.
तो म्हणाला, एवढा मोठा आकडा
खोटा कोण लिहील?

बोनेट गार. किल्ली अर्धी फिरवली.
"थांब," बाई म्हणाल्या,
"ती पिवळी गुंडाळी विझू दे. मग."
एक काळा उसासा, आणि मग
चिल्लरने भरलेला डबा हलावा तसा आवाज,
एकसारखा, न अडखळता.

डॅशबोर्डच्या कप्प्यात वही होती, दोनशे पानी.
तारीख, लिटर, किलोमीटर, आणि भागाकार.
२१.८
२२.४, रिकामी होते.
१७.९, मम्मा मागे झोपलेली. एसी बंद केला नाही.
पुढची तीन पानं कोरी.
नंतर पुन्हा २१.६,
अक्षर तेच, जरा दाबून.

भाव फारसा केला नाही.
यासीन साकीनाक्यापर्यंत बोलला नाही, मग म्हणाला,
इंजेक्टरचे बारा हजार तरी कापायचे, शेठ.
कागदावर अजून चार वर्षं आहेत तिची.
माझीही नोकरी साधारण तेवढीच.

कळंबोलीला टाकी भरली, नळ पहिल्यांदा खट् करेपर्यंत.
गुरुवारी परत भरली. भागाकार केला.
एकोणीस पॉइंट सात.
पाय जड आहे माझा; मानखुर्दला वीस मिनिटं
जागच्या जागी धडधडत होतो, तेही आहेच.

संध्याकाळी त्यांचा फोन. नमस्कार नाही, काही नाही.
"किती देते?"
मी म्हटलं, बावीस.
लिटरमागे दोन पॉइंट तीन किलोमीटर
कसल्याही अवजाराशिवाय फिरवले.
"वाटलंच मला," त्या म्हणाल्या. आवाजात खुर्ची हलली.
"ऐंशीच्या वर नको नेऊ तिला."

वहीत, त्यांच्या शेवटच्या ओळीखाली,
१९.७ लिहिलं. तारीख घातली.
समासात जागा होती म्हणून पुढे :
एसी चालू. मागे कुणी नव्हतं.